चोरओटीची पाचवी सवाष्ण

माझ्या चोरओटीला पाचवी सवाष्ण म्हणून माझी बॉस आली होती.

ऐंशीच्या दशकातलं बर्मिंगहॅम. मी बँकेत होते. नोकरीची दोन वर्षं भरण्याआधी दिवस राहिल्याचं कळलं, तर बँक खुशाल नारळ देऊ शकत होती. माझी दोन वर्षं भरायला तीन आठवडे उरले होते आणि पाचवा महिना लागला होता. भर जूनमध्ये मी नवऱ्याचे स्वेटर घालून घामाघूम फिरत होते.

त्यात सासूबाई पुण्याहून आल्या. तिकडे सरकार ‘दोनच पुरेत’ म्हणून भिंती रंगवत होतं; या सहा वर्षं एकासाठी देव पाण्यात घालून बसल्या होत्या. पाचव्या महिन्यात गुपचूप ओटी भरायचीच, हा त्यांचा कायदा. शनिवारी माझ्या चार मराठी मैत्रिणी आल्या; पाचवी फ्लूने आडवी. मी साडी नेसून खाली येते, तर सोफ्यावर मार्गारेट, कपाळभर कुंकू लावून! दोन घरं सोडून राहणारी माझी मॅनेजर!

“आई, यांना का बोलावलंत?” मी दबक्या आवाजात विचारलं.

“सवाष्ण आहे. नवरा दर शनिवारी गवत कापताना दिसतो.”

मी मार्गारेटला सांगितलं, ही आमची वाढदिवसाची पद्धत. (माझ्या वाढदिवसाचा केक तिनेच महिन्यापूर्वी आणला होता.) मग तो घराच्या भरभराटीचा विधी झाला. मैत्रिणी माना डोलावत होत्या. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, एवढाच काय तो आधार. त्यांनी मार्गारेटच्या हातात नारळ दिला, माझा पदर पुढे ओढला, माझ्या पोटावर हात ठेवला आणि हवेतल्या हवेत पाळणा हलवून दाखवला.

मला मूल हवं होतं आणि ती नोकरीही तितकीच हवी होती.

मार्गारेटने नारळ माझ्या ओटीत घातला.

“माझ्या वेळी नुसतं लग्न झालं तरी घरी बसवायचे,” ती हळूच म्हणाली. “मी वर्षभर अंगठी पर्समध्ये ठेवली होती. पुढचे तीन आठवडे मला काही दिसत नाही.”

मी रडलेच.

“फक्त काउंटरखालची तुझी लोणच्याची बरणी हलव,” दारातून ती म्हणाली. “मुलगा की मुलगी, यावर ईस्टरपासून सगळ्या ब्रँचमध्ये पैजा लागल्यात.”

म्हणजे माझं गुपित अख्ख्या ब्रँचला ठाऊक होतं. स्वेटरमध्ये उकडून निघत होते ती एकटी मी!