फ्लेक्सवरचे साडेपाच

माझ्या भाचीचा आठ फुटी फोटो आमच्या चौकात तीन आठवडे लटकत होता. त्याखालून मी रोज दोनदा जात होते, एकदा दूध आणायला आणि एकदा फिरायला. फोटोखाली ‘सोलापूरची वाघीण’ असं लिहिलं होतं. वाघिणीच्या दोन्ही अंगांना शुभेच्छुकांची डोकी होती. मी ती मोजली होती. तेरा. त्यातल्या अकरा जणांनी पोरीला जन्मात पाहिलेलं नव्हतं. बारावा तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ. तेरावे तिच्या इंग्रजीच्या क्लासचे सर, गॉगल लावून. डोकी मोजून मी रोज मनातल्या मनात हसायचे आणि आपण किती चाणाक्ष आहोत असं समजून पुढे जायचे.

त्याच फ्लेक्सच्या तळाशी परीक्षेचा निकाल जसाच्या तसा छापला होता. चार विषय, चार आकडे. त्यातला एक आकडा तिची जागा घालवणार होता. मी तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते. छापलेलं वाचणं हाच माझा धंदा. तो आकडा मी वाचला नाही.

भाची चिंचोळी एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. कारखान्यांतून बाहेर पडणारं सांडपाणी तपासायचं आणि सोडण्याजोगं आहे की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. पाणी शुद्ध करण्याचं पुढचं शिक्षण घ्यायला तिला परदेशी जायचं होतं, आणि एका विद्यापीठानं जागा देऊही केली होती. अट एकच होती. इंग्रजीच्या परीक्षेत एकूण किमान साडेसहा हवेत, चारपैकी कुठल्याही भागात सहाच्या खाली नकोत, आणि निकाल ठरलेल्या तारखेच्या आत पोचायला हवा. अट दीड ओळीची होती. आमच्या घरात ती सगळ्यांनी पहिल्या स्वल्पविरामापर्यंत वाचली.

ती पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आली. निकाल आला, नवापैकी एकूण सात. साडेसहा मागितले होते, सात मिळाले. भावानं दुकानातल्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले.

यात आमचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. आम्ही बेरजेची माणसं. दहावीचा निकाल लागला की आम्ही ‘किती टक्के?’ एवढंच विचारतो. गणितात पोरगं आपटलं तर समाजशास्त्र त्याला सांभाळून घेतं, एकत्र कुटुंबात कमावत्या भावानं बसून खाणाऱ्याला सांभाळावं तसं. अगदीच कमी पडलं तर बोर्ड वरून चार गुण घालतं. अशा रीतीनं वाढलेल्या माणसाला निकालातली मोठी संख्या दिसते आणि बाकीच्या चार बारीक आकड्यांकडे तो पत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेल्या प्रेसच्या नावाकडे पाहतो तसं पाहतो.

पेढ्यांनंतर सत्कार झाला. क्लासच्या हॉलमध्ये, मी प्रमुख पाहुणी. शाल, श्रीफळ आणि सोलापूर असल्यामुळे टॉवेल. सरांनी माईकवरून तीनदा ‘ओव्हरऑल सेव्हन’ अशी गर्जना केली आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. मी भाषण केलं. आपल्याकडे सत्कार फार होतात, वाचन कमी होतं, असं मी त्यात म्हटलं. लोक हसले. माझ्या शेजारच्या टेबलावर तो निकाल फ्रेम करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. तिसऱ्या दिवशी भाचीच्या साहेबांनी तो गाडीतून पाहिला आणि केबिनमध्ये बोलावून विचारलं, “मग कधी निघताय मॅडम?” इतक्या मोठ्या अक्षरांत निघालेल्या मुलीनं ‘अजून नक्की नाही’ असं कसं म्हणायचं? तिनं राजीनामा दिला. पंधरा दिवसांत तिच्या टेबलावर दुसरी मुलगी बसली.

मग विद्यापीठाचं पत्र आलं.

ती दुपारी माझ्याकडे आली आणि तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. अट पूर्ण झालेली नाही, असं अतिशय सभ्य भाषेत लिहिलं होतं. रायटिंग साडेपाच. तारखेपर्यंत नवा निकाल आला नाही तर जागा दुसऱ्याला देण्यात येईल. तारखेला एकवीस दिवस होते.

“आत्या, पण सात आहेत ना?” ती म्हणाली.

मी चष्मा लावला आणि तो निकाल आयुष्यात पहिल्यांदा वाचला. लिसनिंग आठ, रीडिंग साडेसात, स्पीकिंग साडेसहा, रायटिंग साडेपाच. बेरीज साडेसत्तावीस. चारनं भागले तर पावणेसाताच्याही थोडं वर. ही परीक्षा एकूण आकडा जवळच्या अर्ध्यावर नेऊन ठेवते. पाव आला तर वरचा अर्धा देते, पाऊण आला तर वरचा पूर्ण. म्हणजे सात हा आकडा तिनं मिळवलाही नव्हता, तो तिला गोल करून दिला होता. गोल करण्याची ही माया फक्त एकूण आकड्याला लागू. साडेपाचाला कुणी हात लावत नाही. आठातला अर्धा उचलून तिथं ठेवता येत नाही. चारही भाग वेगळे राहतात, एकमेकांना सांभाळून घेत नाहीत.

मी तिला हे समजावून सांगत होते आणि ती माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहत होती. मग म्हणाली, “आमच्याकडे असंच असतं की.”

“कुठं?”

“लॅबमध्ये. एका सॅम्पलच्या दहा तपासण्या असतात. नऊ झकास आल्या आणि एक फेल गेली तरी पाणी सोडायचं नाही. मालक येऊन म्हणायचे, मॅडम, सरासरी बघा की. मी म्हणायची, सरासरी प्यायला खाली नदीकाठी कुणी बसलं नाही.” तिनं मोबाइल पालथा ठेवला. “मी रोज असल्या पाण्याचे टँकर परत पाठवायची, आत्या. रोज. आणि स्वतःचा रिपोर्ट…”

ती रडली नाही. तिनं जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. ते ऐकून मला जास्त संताप आला.

त्याच संतापात मी तिला घेऊन क्लासवर गेले. सर खुर्चीतून उठले, मला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला.

“मॅडम, टेन्शन कशाला घेताय? ओव्हरऑल सात हाय की! सगळे ओव्हरऑलच बघत्यात.”

“विद्यापीठ नाही बघत.”

“एकाच सब्जेक्टमध्ये अर्धा मार्क कमी हाय. अर्ध्या मार्कानं काय होतंय? विनंती अर्ज टाकू. मी माझ्या लेटरहेडवर देतो लिहून.”

“तुमच्या लेटरहेडवर?”

“व्हय. शिक्का मारून.”

भाची पहिल्यांदाच बोलली. “सर, तुम्ही मला अट वाचायला का नाही सांगितलं?”

“अगं, तू इंजिनियर हाईस. तुला वाचायला येत न्हाय व्हय?”

हे खरंच होतं. मग मी विचारलं, “हिनं रायटिंगमध्ये काय लिहिलं होतं?” सरांनी अभिमानानं कपाटातून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. त्याला ते साचा म्हणत. विषय कुठलाही येवो, सुरुवातीचा परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद तोंडपाठ. ‘इन धिस मॉडर्न एरा ऑफ ग्लोबलायझेशन’ असं सुरू होऊन तो परिच्छेद नऊ ओळी कशाबद्दलही काहीही न बोलता चालत होता. एखाद्या संमेलनाच्या स्वागताध्यक्षाचं भाषणही एवढं जमत नाही. मध्ये मोकळी जागा होती, तिथं विषय बसवायचा. तपासनीस हे निबंध दिवसभर वाचतात. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय का, हे ते आधी बघतात, आणि पाठ केलेलं त्यांना वासावरून कळतं. प्रश्न होता, शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी असावी का? आमच्या वाघिणीनं मोकळ्या जागेत चार वाक्यांत बंदी घातली आणि पुन्हा जागतिकीकरणात शिरली.

“हा साचा किती जणांना देता?” मी विचारलं.

“सगळ्यांना. फीमध्येच हाय,” सर म्हणाले.

मी चहा न घेता उठले. सोलापुरात याहून मोठा निषेध नाही. पण जिन्यावरून उतरताना कळलं की हा सगळा राग सरांवर काढून भागणार नव्हतं. त्यांनी निकाल लपवला नव्हता. आठ फुटांवर छापून चौकात टांगला होता. प्रमुख पाहुणी मीच होते.

भावाला सांगितलं तर तो कन्नडमध्ये म्हणाला, “होगली बिडु, अक्का,” म्हणजे जाऊ दे, सोड. “नशिबात नसेल. पण फ्लेक्स एवढ्यात उतरवायला नको, लोक विचारतील.” पोरीची नोकरी गेली, जागा चालली, आणि याला फ्लेक्सची पडली होती! माझ्या भावाला त्या दिवशी मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं बरंचसं कन्नडमध्ये होतं.

फक्त रायटिंगची परीक्षा पुन्हा देता येते, असं कुठंतरी वाचून भाचीनं विद्यापीठाला विचारलं. दोन ओळींचं उत्तर आलं. इथं ते चालत नाही. चारही भाग एकाच वेळच्या परीक्षेतले हवेत. म्हणजे मिळालेले आठही गेले, सगळं पुन्हा, आणि या वेळी दुसरंच काही घसरलं तर पुन्हा तेच. पुण्यात बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली. निकाल वेळेत येईल इतकीच फट उरत होती.

रोज सकाळी ती माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन लिहू लागली. मला ती परीक्षा शिकवता येत नव्हती. मला एवढंच येत होतं की पोकळ वाक्य दिसलं की त्यावर काट मारायची. पहिल्या दिवशी तिच्या पानावर अकरा शब्द उरले. दुसऱ्या दिवशी ती चिडून म्हणाली, “मग लिहू तरी काय?”

“टँकर परत का पाठवलास ते लिही. मालकाला सांगितलंस तसं.”

तिनं लिहिलं. साधी, आखूड, इंग्रजी वाक्यं. पहिल्याच वाक्यात पाणी सोडता येणार नाही, दुसऱ्यात का, तिसऱ्यात किती फरकानं, मग मालक काय म्हणेल आणि त्याचं म्हणणं का चालणार नाही. एका ठिकाणी काळ चुकला होता. बाकी काट मारायला काही नव्हतं. तीस वर्षं ज्यांची प्रबंधांची बाडं मी कपाटांत लावली त्यांतल्या किती जणांना हे जमलं होतं याचा हिशेब मी केला नाही, राग अजून वाढला असता. पुढचे नऊ दिवस विषय कुठलाही आला तरी ती टँकर परत पाठवल्यासारखी लिहीत होती.

परीक्षेला मी बरोबर गेले नाही. मोहोळ ओलांडल्यावर तिनं बसमधून मेसेज केला, ‘ग्लोबलायझेशन आठवत नाहीये. बरं वाटतंय.’

निकाल आला तो तारखेच्या चार दिवस आधी. लिसनिंग साडेसात, रीडिंग सात, स्पीकिंग सहा, रायटिंग साडेसहा. या वेळी मी खालून वर वाचलं. स्पीकिंग काठावर होतं, अर्ध्यानं कमी आलं असतं तर सगळं पाण्यात होतं. बेरीज सत्तावीस, चारनं भागून पावणेसात, गोल करून सात.

पुन्हा सात. विद्यापीठानं दुसऱ्या दिवशी जागा पक्की केली.

संध्याकाळी सरांचा फोन आला. “मॅडम, पुन्हा सातच? मग दुसऱ्यांदा द्यायची काय गरज होती?”

मी फोन ठेवला. ती गेली त्याच आठवड्यात चौकात नवा फ्लेक्स लागला. तोच फोटो, डोकी वाढून सतरा, तळाशी नवे चार आकडे, आणि वर लाल अक्षरांत ‘लागोपाठ दुसऱ्यांदा सात!’ या निकालाची मुदत दोन वर्षांची असते. फ्लेक्स त्याहून जास्त टिकेल. मी फोटो काढून भाचीला पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘रायटिंगचा आकडा वाचता येतोय का?’ मी लिहिलं, येतोय. ती म्हणाली, ‘मग असू दे.’

मला असू दे म्हणवेना. फ्लेक्सच्या वरच्या मजल्यावर क्लासची खिडकी उघडी होती आणि आतून पंधरावीस मुलामुलींचा एकसुरी आवाज येत होता. इन धिस मॉडर्न एरा. मी जिना चढले. सरांनी मला दारात पाहिलं आणि वर्गाला सांगितलं, “उभे राहा, मॅडम आशीर्वाद द्यायला आल्यात.” वर्ग उभा राहिला.

पहिल्या बाकावरच्या मुलीला मी विचारलं, “तुझ्या विद्यापीठाला किती हवेत गं?”

“ओव्हरऑल साडेसहा, मॅडम.”

“आणि प्रत्येक भागात?”

तिनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं मागच्या बाकाकडे. “तसं पण असतंय काय?” मागून एक मुलगा म्हणाला.

सर कपाटात शाल शोधत होते. मी टेबलावरचा मार्कर उचलला आणि फळ्यावर चार आकडे लिहिले. साडेपाच सगळ्यांत मोठा काढला.