मागच्या दारानं देश बघणारी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर शेंगा फोडल्या आणि अमेरिकेला नापास केलं. सकाळची वेळ. टीव्हीवर जगातल्या देशांची बैठक चालली होती, कोण धूर किती कमी करणार त्याची. आमची कारभारीण मांडीवर सूप घेऊन निकाल देत होती.

लासुर्ण्यापासून इंदापूरपर्यंत तिनं पुष्कळ लग्नं जमवली. स्थळ बघायला गेली की ओसरीवर टेकायची नाही. पाणी मागायचं निमित्त करून सरळ मागच्या दारी. "म्होरं समदेच शहाणे असत्यात. मागं काय जळतंय त्ये बघावं," म्हणायची. देशांनाही तिनं तोच नियम लावला.

"चीनचं घर बघा. छपरावर सोलर, आन् मागं कोळशाचा ढीग." अमेरिकेवर तर तिचा रागच. "सुपारी फोडतंय, मोडतंय. परत फोडतंय, परत मोडतंय. असल्या घरात पोरगी द्यावी का?" भूतान मात्र पसंत. घर लहान, पण मागचं अंगण झाडलेलं.

मी विचारलं, "आन् आपला?"

"खाणारी तोंडं लई. माणशी धूर कमीच हाय, राबतंय बी. पण धूर थांबवायला दोन हजार सत्तर सालचा वायदा करतंय. तवर नवरी म्हातारी हुईल की!"

मी हसलो. तिथंच चुकलो.

"दात काय काढताय? तुमी कोण लागून गेला?"

ऊस कारखान्याला गेला की मी रानातलं पाचट पेटवायचो. वाळला पाला जळला की रान मोकळं. ती म्हणायची, पसरून ठेवा, कुजंल, मातीला लागंल. मी म्हणायचो, पुढच्या साली. दरसाल भांडण, दरसाल अबोला, आणि दरसाल काडी मीच लावली. आताही ऊस तुटला होता, पाचट वाळत पडलं होतं.

"औंदा पेटवलं तर म्या माहेरी जाईन."

"कुठलं माहेर? तितं हाय कोण आता?"

ती फस्सकन हसली. चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली. पोरं बारामतीहून तासाभरात आली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावडलं. भावकी म्हणाली, राख नदीला न्या. मी म्हटलं, "न्हाय." पाटी उचलली, रानात गेलो, आणि पाचट बाजूला सारून सरी-सरीनं तिला मातीत घातली. मग वर पाचट पसरलं. ती म्हणायची तसं, पातळ, सारखं.