आत्ताच वर आलो

आई गेली तेव्हा मी वेळेवर का पोचलो नाही, हे बुऱ्हाणपुरात मला कोणी विचारत नाही. ताईने ते सगळ्यांना आधीच समजावून ठेवलं आहे. शाहपूरच्या मावसभावांना, स्वतःच्या सासूला, भाजीवालीला, एवढंच काय, आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या त्या शिंप्यालाही, ज्याचा आमच्याशी संबंध फक्त कपड्यांपुरता.

"खोल पाण्यात उतरलेल्या माणसाला एक अख्खा दिवस विमानात बसता येत नाही," ती सांगायची. "त्याच्या अंगात हवा मुरलेली असते. विमान वर गेलं की तिचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात ना, तसे. माणूस जागच्या जागी जातो. हा तर निघायला तयार होता बिचारा."

यातलं जवळजवळ सगळं बरोबर आहे. नियम खरा, बुडबुडेही खरे. सोड्याच्या बाटलीची उपमा मीच तिला दिलेली. शेवटचं वाक्य तेवढं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे तिला माहीत नव्हतं.

मी आधी बँकेत होतो. बँका एकमेकींत मिसळून टाकण्याची ती वर्षं. आमची बँक एका मोठ्या बँकेत गेली. दारावरची पाटी बदलली, पासबुकाचा रंग बदलला, आणि धूलकोटहून आलेले शेतकरी काउंटरवर वाकून हळूच विचारायचे, "साहेब, तुम्ही तेच आहात ना?" मी म्हणायचो, तोच आहे. लग्न मी केलं नव्हतं. आई आणि मी, बुधवाऱ्यात दोन खोल्या. ताई पलीकडच्या गल्लीत दिलेली.

प्रवासाची सवलत वाया जाऊ नये म्हणून शाखेतले आम्ही चौघे अंदमानला गेलो. तिथे पर्यटकांना पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली नेतात. शिकवणारा मागून धरून तुम्हाला पाळण्यातल्या पोरासारखा फिरवतो. वर आल्यावर बाकीचे तिघे माशांचे रंग सांगत सुटले. मीही सांगितले. अजूनही कोणी विचारलं की मासेच सांगतो. खरं म्हणजे मला आवडलं होतं ते हे, की तिथे कोणी बोलत नाही. आपला श्वास तेवढा ऐकू येतो. मला आयुष्यात बोलण्याचंच ओझं झालेलं.

पुढे दोनदा रजा टाकून गेलो, रीतसर शिकलो, आणि चाळिशी उलटल्यावर राजीनामा दिला. प्रवाळ वाचवणाऱ्या तिथल्याच एका लहानशा गटात कामाला लागलो. नांगराने, वादळाने तुटलेले प्रवाळाचे तुकडे गोळा करायचे, पाण्याखालच्या लोखंडी चौकटींना बांधायचे, आणि ते जीव धरेपर्यंत त्यांच्यावर चढणारं शेवाळ दात घासायच्या ब्रशने काढत बसायचं. जिजाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे तू बँक सोडून समुद्राचे दात घासून राहिला?" ते आपल्या दुकानात गेले आणि संध्याकाळपर्यंत हे सगळ्या बुधवाऱ्यात झालं. महिनाभर लोक मला विचारायचे, कोणती पेस्ट?

आई मात्र हसली नाही. शाहपूरकडच्या केळीच्या मळ्यात वाढलेली बाई. पाणी म्हणजे मोटर, पाळी आणि वीज गेल्याची कटकट. ती म्हणाली, "बँकेत पंखा होता ना रे डोक्यावर?" आणि मग थोड्या वेळाने, "मी मेले तर येशील ना? का तिथूनच पानी देशील मले? तुझ्याकडे तर पानीच पानी."

मी निघालो तेव्हा ताईने तिला आपल्या घरी नेलं. कोणी मला जाब विचारला नाही. खोल्यांची किल्ली ताईने माझ्याच खिशात घातली.

तिथे माझ्यासारखेच लोक होते. एक पूर्वीचा वकील, कॉम्प्युटर कंपनीतली एक बाई, औषधांचा एक विक्रेता. सगळेच काही ना काही सोडून आलेले. संध्याकाळी एका पातेल्यातलं जेवायचो. पण काय सोडलं, कोणाला सोडलं, हे विचारायचं नाही असा न ठरवता पडलेला रिवाज होता. मला तो फार सोयीचा वाटला. पुढे पुढे कधी वाटायचं, कोणी विचारावं. पण आपणच पाळलेला रिवाज आपण कसा मोडणार?

वर्षातून एकदा घरी यायचो. शेवटच्या खेपेला आई बरीच वाळली होती. निघताना तिने माझी बॅग स्वतःच्या खाटेखाली सरकवली आणि म्हणाली, "आता नको जाऊ." मी "बघू" म्हणालो. ताईने बॅग ओढून काढून दिली. रिक्षात बसताना मला जे वाटलं ते सुटल्याचं होतं. ते मी तेव्हा कोणाला बोललो नाही.

त्यानंतर पाचसहा महिन्यांनी ताईचा फोन आला. सकाळ होती. आमच्या बेटावर जेट्टीच्या टोकालाच काय तो सिग्नल मिळायचा. बोट सुटायच्या बेतात होती, सिलिंडर चढवून झाले होते.

"माय जेवून नाही राहिली कालपासून," ताई म्हणाली. "तबियत ठीक नाही. डॉक्टर म्हणतात, ज्याला बोलवायचं त्याला बोलवा. येतो का? आज निघ."

दुपारी विमान होतं. ते मिळालं असतं तर कलकत्ता, रात्री इंदूर, आणि पहाटेपर्यंत गाडीने बुऱ्हाणपूर. हा हिशेब ताईचं बोलणं संपायच्या आत माझ्या डोक्यात पुरा झाला होता. आणि त्याचबरोबर दुसराही: या वेळी गेलो तर परत येणं नाही. आजारी आईजवळून कोण उठून येतो? ताई तरी किती दिवस एकटी करणार? नोकरी नाही, बायको नाही, मी मोकळा माणूस. मी त्या खोल्यांत परत जाणार आणि तिथेच राहणार.

"ताई," मी म्हणालो, "मी आत्ताच वर आलो पाण्यातून. उद्या दुपारपर्यंत विमानात बसता येत नाही."

माझे केस कोरडे होते. पाण्याचा एक थेंब अंगावर नव्हता.

"म्हणजे?" तिने विचारलं. मग मी तिला बुडबुडे समजावले. सोड्याची बाटली तेव्हाच सुचली.

"बरं, बरं," ती घाबरून म्हणाली. "मग नको बसू. उद्या निघ. मी सांगते तिला."

फोन खिशात ठेवला. अजूनही ते खोटं एवढंसंच होतं. मी बोटीवरून माझं सामान उतरवलं असतं, तिला परत फोन केला असता, काहीतरी गडबड झाली म्हणालो असतो, तर ते तिथेच संपलं असतं. मी बोटीत चढलो. वकिलाने माझे पट्टे तपासले, हवा तपासली; पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने एकमेकांचं सगळं तपासायचं असतं. "घरी ठीक?" त्याने विचारलं. त्या दिवशी त्याने रिवाज मोडला. मी अंगठा आणि बोट जुळवून गोल दाखवला, जसं पाण्याखाली दाखवतात. आणि उतरलो.

खोटं बोललो होतो, ते खरं करायला उतरलो. उतरल्यावर मला खरोखरच विमानात बसता येणार नव्हतं. मला एक दिवस हवा होता, आणि तो कोणी हिसकावू शकणार नाही असा हवा होता.

पाणी गढूळ होतं. मी चौकटींवरचं शेवाळ घासलं. किती वेळ, लक्षात नाही. एवढं लक्षात आहे की मी ते काम नेहमीपेक्षा नीट केलं.

संध्याकाळी जेट्टीवर फोन लावला तर जिजाजींनी उचलला. एरवी त्यांचं पहिलं वाक्य थट्टेचं असतं. "गेली रे माय," एवढंच म्हणाले. मग, "तू तब्येत सांभाळून ये. इथे बर्फाचं बघतो."

बर्फ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरला. गरमीचे दिवस होते. मी दुपारच्या विमानाने निघालो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो, तेव्हा मंडळी अस्थी गोळा करून तापीच्या घाटावरून परतली होती. ओसरीवर ताई ओल्या केसांनी बसली होती. अग्नी तिने दिला होता. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत, त्यावरून मोठं बोलणं झालेलं. तिच्या सासूने माझ्याकडे बघून म्हटलं, "आला? झालं आता सगळं." ताई तडक उठली. "त्याला बसूच देत नव्हते विमानात! जीव द्यायचा होता का त्याने?" आणि मला हाताला धरून आत नेलं, चहा दिला. मी तो प्यायलो.

तेव्हापासून ती ते सांगत आली. मी सांगू दिलं. माझी बाजू कोणी इतक्या पोटतिडकीने याआधी कधी घेतली नव्हती.

तसंच चालत राहिलंही असतं. पण एका खेपेला मी घरी असताना भाचीने इंदूरची औषध कंपनीतली पक्की नोकरी सोडायचं काढलं. पोर पोहण्यात पटाईत, माझ्याकडे येऊन दोनदा राहून गेलेली. तिला माझ्या गटात यायचं होतं. जिजाजी म्हणाले, "एक गेला तो पुरे नाही का? अख्खं खानदान दात घासणार?" मला वाटलं ताई आडवी येईल. तर तिनेच त्यांना गप्प केलं. "जाऊ द्या तिला. त्या लोकांत शिस्त आहे. आई मेली तरी त्यांनी याला नियम मोडू दिला नाही. अशा ठिकाणी माझी पोर सांभाळली जाईल. इंदूरच्या रस्त्यांवर कोण सांभाळतं?"

ताई आपली मुलगी कशाच्या भरवशावर माझ्या हवाली करत होती, हे ऐकल्यावर मला दोन दिवस अन्न गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई स्वयंपाकघरात दराबा करत होती, भाचीबरोबर द्यायला. भाजलेला रवा, पिठीसाखर आणि तूप परातीत हाताने फेटत राहायचं, पांढरं हलकं होईपर्यंत. मी दारात उभा राहिलो.

"ताई, त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी पाण्यात गेलो नव्हतो."

"कोणत्या दिवशी?" तिचा हात चालू होता. पण तिला कळलं होतं.

"माय गेली त्या दिवशी."

"तू म्हणालास, आत्ताच वर आलो."

"खोटं बोललो. नंतर उतरलो. फोन ठेवल्यावर."

हात थांबला. "थांब. समजू दे मला. खोटं बोललास, ठीक. घाबरला असशील. पण मग ते खरं करायला गेलास?"

"हो."

"कायले पण?"

मी सांगितलं. खाटेखालची बॅग, रिक्षा, दोन खोल्या, सगळं. बोलताना कुठे थांबायचं ते मला येईना, सवय नव्हती.

ती परातीकडे बघत होती. "सकाळपर्यंत आला असतास म्हणजे."

"पहाटे. माय गेल्यावर. पण न्यायच्या आधी."

"तुला एक सांगितलं नव्हतं मी," ती म्हणाली. "तुला लागेल म्हणून. मायने त्या दिवशी दोनतीनदा विचारलं, निघाला का. मी तिला बाटलीचं सांगितलं, तू सांगितलं तसंच. तर म्हणाली, 'मग नको येऊ म्हणा. त्याला काही होईन.' नंतर नाही विचारलं तिने."

एवढ्यात जिजाजी दुकानातून आले. "झाला का दराबा? की समुद्रात नेऊन फेटणार?"

"तुम्ही फेटा," ताई म्हणाली आणि उठली. "माझा हात गेला." ते माझ्याकडे, तिच्याकडे बघत राहिले, मग शर्टाच्या बाह्या वर सारून खरंच बसले.

रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूळ भरत होतो तेव्हा मागे येऊन उभी राहिली. "पोरगी जाईल. तिचं मन मी मोडणार नाही. पण तुझ्याजवळ नाही. दुसरीकडे बघून दे."

वकिलाच्या ओळखीने तमिळनाडूच्या किनाऱ्यावर एका गटात जागा मिळाली. भाची म्हणाली, "मामा, तुमच्याकडे का नाही?" जागा नाही, असं माझ्या ओठावर आलं होतं. "आईला विचार," मी म्हणालो. तिने विचारलं असावं. त्यानंतर ती माझ्याशी नीटच बोलायची, फक्त प्रश्न विचारायची बंद झाली.

तिची गाडी सकाळची होती, माझी दुपारची, उलट दिशेची. मी तिला सोडायला आधीच स्टेशनवर गेलो. ताईने डबा दिला, केसांवरून हात फिरवला. आणि गाडी हलायच्या आधी खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "रोज फोन कर. उतरायच्या आधी. काय आहे ते ऐकून घे घरचं, मग उतर. कळलं?"

भाची "हो गं" म्हणाली. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी गेल्यावर ती आणि जिजाजी जिन्याकडे वळले. जिजाजी थोडं रेंगाळले, मला हात केला, आणि तिच्या मागे गेले. मी बॅग घेऊन पलीकडच्या फलाटावर जाऊन बसलो. माझ्या गाडीला बराच वेळ होता.