जिथे आपल्या पोरीचं नाव घ्यायचं नाही

सांगली स्टेशनवर गाडी लागायला अजून वेळ होता. मुक्ताने मला बाकड्याच्या टोकाला ओढत नेलं आणि कानात सांगितलं, "आई, या वेळी बाबा ओरडले ना, तर मी परत खो-खो खेळणार नाही. आणि हे त्यांना सांगायचं नाही हं. त्यांना वाईट वाटेल."

मुक्ता बारा वर्षांची आहे. रडत सांगितलं असतं तर मी समजूत काढली असती. तिने अगदी शांतपणे सांगितलं, म्हणून मी घाबरले. मैदानावर तिला तीन आवाज ऐकू येतात म्हणे: सरांचा, पंचांचा आणि बाबांचा. बाबांचा सगळ्यांत मोठा, आणि बहुतेक वेळा सरांच्या बरोब्बर उलटा.

संजय, म्हणजे माझा नवरा, शेतीपंपांचं दुकान चालवतो. जन्मात कधी खो-खो खेळलेला नाही. पण लेक संघात निवडली गेल्यापासून मोबाइलवर सामने बघून बघून इतका तयार झालाय, की आता पंचांनाही नियम समजावून सांगतो. लेकीवर त्याचा भारी जीव. अडचण एवढीच की तो जीव घशातून बाहेर पडतो. तर मुक्ताच्या संघाबरोबर मी स्पर्धेसाठी वर्ध्याला निघाले ती दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खडीसाखर आणि एका माणसाला कारण न सांगता गप्प ठेवण्याची जबाबदारी घेऊन.

गाडी सुटली आणि संजयने बर्थवर वर्तमानपत्र पसरलं. त्यावर भाजलेले शेंगदाणे ओळीने मांडले. हे बसलेले गडी, हे दोन बिस्किटाचे तुकडे म्हणजे खांब, आणि हा फुटका दाणा म्हणजे मुक्ता. संघातल्या मुली भोवती जमल्या. "आता ही इथनं वळली की हिच्या मागं कोण येणार?" संजयने विचारलं. उत्तर यायच्या आत दोन गडी कुणीतरी खाऊन टाकले होते. जेवणाच्या वेळेपर्यंत अख्खा संघ फस्त झाला. मुली खिदळत वरच्या बर्थवर चढल्या. मुक्ता मात्र तोंड भिंतीकडे करून झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ध्याला उतरलो. स्टेशनबाहेरच्या गाडीवर तर्री पोहे मागवले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, त्यातला वरचा तेलाचा तवंग ती तर्री. कोल्हापूरकडचं तिखट खाऊन मोठा झालोय, असं सांगत संजयने ती दोनदा मागून घेतली आणि मग बराच वेळ नुसता हं-हं करत राहिला. मला वाटलं, असाच दोन दिवस राहिला तर बरं. मौन पाळायला हा जिल्हा तसा प्रसिद्धच आहे. पण पाण्याची अर्धी बाटली पोटात गेली आणि आवाज परत आला.

आम्हाला न्यायला दोन जीप आल्या होत्या. अल्लीपूरच्या अलीकडे एका गावात दर हिवाळ्यात मुलींच्या खो-खोची स्पर्धा होते. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण हे वाचून आपापल्या नवऱ्याला तिकडे पाठवणाऱ्या बायकांची रांग लागेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायकांच्या कमरेला बांधलेली ओटी फुगलेली. मध्येच तूर, मध्येच वांगी-फुलकोबीचे तुकडे. आमच्याकडच्या उसात माणूस दिसत नाही. इथे लांबवर शेतातली बाई मान वर करून बघते, तेही दिसतं. मला ते फार आवडलं.

गावात हॉटेल नाही. पाहुणे घरोघर वाटून घेतात. आम्ही गेलो प्रल्हादभाऊंकडे. ते भाजीपाला पिकवतात आणि हिंगणघाटच्या बाजाराला नेतात. त्यांची मुलगी वैष्णवी गावच्या संघात होती आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या संघाशी तिचा सामना होता. दोघी मुलींनी एकमेकींकडे दोन मिनिटं संशयाने पाहिलं. मग वैष्णवी म्हणाली, "बोरं खायले येतं का?" आणि दोघी गायब झाल्या.

संध्याकाळी अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे (कणकेचे जाडजूड गोळे) भाजले जात होते. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. शोभाताई, प्रल्हादभाऊंच्या पत्नी, रोडगा फोडून त्यात तूप ओतत होत्या आणि संजयचं ताट रिकामं होऊ देत नव्हत्या. संजय तृप्त झाला आणि उद्याच्या सामन्याकडे वळला.

"आम्ही पुढं बसू, सरांच्या जवळ. तिथनं आवाज बरा पोचतो."

प्रल्हादभाऊ हसले. "तुम्ही आमच्यापाशी बसान भाऊ. गावची रीतच हाय तशी. पाहुण्यानं घरधन्याच्या पोरीचं नाव घ्याचं, अन् घरधन्यानं पाहुण्याच्या पोरीचं. आपल्या पोरीचं नाव कोणी घेत नाई. अन् खेळ शिकवाचा नाई कोणालेच. त्याच्यासाठी सर हायेत."

"आणि घेतलं तर?"

"तर लसूण सोला लागते," शोभाताई म्हणाल्या. "सैपाकाच्या मांडवात. पंगतीले पाटीभर लसूण लागते, आमाले माणसं पुरत नाईत."

संजयला वाटलं थट्टा चालली आहे. मी विचारलं, ही रीत पडली कशी?

"मागं लय बोंबाबोंब चाले जी इथं," प्रल्हादभाऊ म्हणाले. "बाप लोकं रेषेवर उभे राहून भांडत. मीपण होतो त्याच्यात. एक साल तं स्पर्धाच बंद पडली. मंग एक दिवस सांजच्या पाह्यरी वावरातून येत होतो, तं नाल्याच्या पल्याड पोट्ट्या (पोरी) खो-खो खेळून राह्यल्या. गुपचूप. खो म्हणत तेबी हळू आवाजात. म्हणलं, काऊन वं, इथं काऊन? तं हे वैष्णवी म्हणते, तुमाले दिसू नये म्हणून." त्यांनी रोडग्याचा तुकडा ताटात ठेवला. "आमचेच लेकरं आमच्यापासून लपून खेळून राह्यले होते, वहिनी. लय लागलं मले ते."

मी संजयकडे पाहिलं. तो तूप कालवत होता. ऐकलं की नाही, कळलं नाही. मी मात्र त्या रात्री मनोमन गावाचे पाय धरले.

सकाळी मैदानावर जाताना मी संजयच्या तोंडात खडीसाखरेचा चांगला मोठा खडा कोंबला. ऊन कोवळं होतं, रेषा फक्कीने ताज्या मारलेल्या होत्या, आणि बाजूच्या कनातीमागून फोडणीचा वास येत होता. आमचा संघ आधी पाठलागाला बसला. वैष्णवी पळत होती आणि मुक्ता तिच्या मागे. आणि आमच्याभोवतीचा सगळा गाव ओरडत होता, "वा मुक्ता! पळ मुक्ता!" प्रल्हादभाऊंचा आवाज सगळ्यांत वर.

"आता तुमी घ्या न नाव," त्यांनी संजयला कोपर मारलं.

"वैष्णवी," संजय पुटपुटला. दुकानात उधारी मागतानासुद्धा तो इतका हळू बोलत नाही. मग जरा मोठ्याने, "वैष्णवी!" पोरगी काय सुंदर वळत होती! बसलेल्या दोघींच्या मधून सुळकन निघायची. बघता बघता संजयची खडीसाखर विरघळली आणि संयमही. "वैष्णवी, खांबाकडं जा! खांबाकडं! मागची उठतीय बघ!" स्वतःच्या लेकीपासून सुटायचं कसं, हे तो दुसऱ्याच्या लेकीला शिकवत होता. मुक्ताने ते ऐकलं, धावता धावता ओठ दाबून हसली, आणि तेवढ्यात वैष्णवी निसटली.

माईकवरून आवाज आला, "सांगलीवाले भाऊ, नाव घ्या, शिकवू नोका. हे पहिली वार्निंग."

संजय ओशाळला. मला वाटलं, आता निभावलं.

मग डाव पालटला. शेवटच्या तुकडीत मुक्ता होती. तिच्यासोबतच्या दोघी लवकर बाद झाल्या आणि ती एकटी उरली. शिट्टी होईपर्यंत टिकली असती, तर सामना बरोबरीत सुटणार होता. वैष्णवी उठली. मुक्ता एका बाजूला झुकली, आणि माझ्या शेजारी कुणीतरी स्फोट व्हावा तसं ओरडलं.

"मुक्ताऽऽ! डावीकडं! डावीकडनं जा म्हटलं ना!"

मुक्ताची मान आमच्याकडे वळली. तिचा चेहरा पडला, पाय अडखळला, वैष्णवीचा हात तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावरून गेला. ती कशीबशी सुटली. संपलं सगळं, असंच वाटलं. आता घरी गेल्यावर ती किट कपाटावर टाकेल आणि मला खरं कारण कुणाला सांगताही येणार नाही.

"सांगलीवाले भाऊऽ," माईक म्हणाला, "एका दमात दोनी नियम मोडले. चाला, लसणाकडे."

अख्खं मैदान हसलं. प्रल्हादभाऊंनी संजयला हाताला धरून उठवलं. पाहुण्याला मांडवात नेतात तसं, अगदी आदराने. आणि मुक्ता, शत्रूच्या ओळीत एकटी सापडलेली मुक्ता, कमरेवर हात ठेवून क्षणभर खो खो हसली. मग पळत सुटली.

मी तिला असं खेळताना कधी पाहिलं नव्हतं. ती आमच्याकडे बघतच नव्हती. गड्यांमधून नागमोडी जायची, मध्येच थांबायची, वैष्णवीला हुलकावणी द्यायची. गाव उभा राहून तिचं नाव घेत होता. मीच काय ती एकटी गप्प होते, कारण मला ते नाव घ्यायला बंदी होती. डोळे मात्र भरून आले, त्याला बंदी नव्हती.

शिट्टीला जेमतेम काही क्षण उरले असताना वैष्णवीने खांबावर झेप घेतली आणि मुक्ताला गाठलं. एका गुणाने आम्ही हरलो. दोघी मातीत पडल्या आणि एकमेकींना उठवत राहिल्या.

मी कनातीमागे धावले. संजय पाटावर बसला होता, पुढ्यात लसणाची पाटी, बोटांना सालं चिकटलेली. बाहेर आपल्या लेकीच्या नावाचा एवढा गजर झालेला त्याने ऐकला होता, आणि त्याला काहीच दिसलं नव्हतं.

"काय झालं? सुटली का? बाद झाली?" तो शोभाताईंना विचारत होता.

"मले काय माहीत जी? मी वरण पाहून राह्यली. पोरीलेच विचारा न."

एवढ्यात धुळीने माखलेली मुक्ता आत आली. संजय उठला. एरवी सामना संपला की तो बोलतो आणि ती ऐकते. कुठे चुकलीस, कुठे वळायला हवं होतंस, सगळं त्याने पाहिलेलं असतं. या वेळी त्याच्याजवळ सांगायला काहीच नव्हतं.

"काय झालं गं?" त्याने विचारलं. "सांग की मला."

आणि मुक्ता सांगू लागली. आधी उभ्याने, मग त्याच्याशेजारी खाली बसून. "बाबा, मी आउट झाले! पण त्याच्या आधी काय झालं माहितीये?" संजय म्हणत होता, "मग?" आणि "मग तू काय केलंस?" लसूण तसाच राहिला. शोभाताईंनी पाटी हळूच स्वतःकडे ओढून घेतली.

निघताना वैष्णवीने मुक्ताच्या ओंजळीत बोरं दिली. "पुढच्या साली येजो." शोभाताईंनी संजयच्या हातात ताजी वांगी ठेवली आणि सांगितलं, "तुमीपण येजा. लसूण लय मस्त सोलता." परतीच्या गाडीत मुक्ताचा सामना भुसावळपर्यंत चालला. प्रत्येक वेळी सांगताना तिचा पाठलाग थोडा लांबत गेला. संजयने एकदाही दुरुस्ती केली नाही. इतकी वर्षं आम्ही तिचे सामने बघायला गेलो, पण तिचा सामना तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, हे मला त्या बर्थवर पहिल्यांदा जाणवलं. संजयलाही जाणवलं असावं. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो जिंकल्यावरही मी कधी पाहिला नव्हता.

सांगलीला उतरल्यावर सरांनी मुलींना गोळा केलं. "दमला असाल तर राहू दे. पण उद्या सरावाला कोण कोण..."

सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मुक्ताचा हात वर गेला होता. मी संजयकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं. सर, तिचं ते डावीकडचं वळण, असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्याने ते परत गिळलं.

"सर," तो म्हणाला, "किती वाजता सोडू तिला?"