कोरडे कपडे आणि बिनसाखरेचा चहा

तिसऱ्या दिवशी बायका नदीवर जात नसतात, हे मी एका इंग्रज लेखकाला भरवर्गात सुनावलं होतं. लेखक केव्हाच वारला होता, म्हणून बरं. त्याची चूक काढताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, आणि त्याचा पस्तावा मला आजही नाही.

तेव्हा मी अमरावतीला इंग्रजीत एम. ए. करत होते. शेवटच्या वर्षी एकच लेखक घेऊन त्याच्यावर लघुप्रबंध लिहायचा असे. शहाणी मुलं ज्याचं गाईड बाजारात मिळतं असा लेखक धरत. मी धरला तो कोणीच न वाचलेला: मुलांसाठी अद्भुत कथा आणि मोठ्यांसाठी परग्रहावरच्या कादंबऱ्या लिहिणारा एक गृहस्थ. तो पक्का ख्रिस्ती होता आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीच्या पोटात त्याचा धर्म होता, हे मला ठाऊक नव्हतं. मुखपृष्ठावर होडी होती आणि पुस्तक पातळ होतं. निवडीचं खरं कारण एवढंच.

ती वर्षं कापूसवाल्या मुलखासाठी फार वाईट होती. वर्गातला एक जण मला म्हणाला, "इकडे लोकं काय भोगून राहिले, अन् तू परग्रहावर कायले चालली वं?" मी त्याला एका कादंबरीची गोष्ट सांगितली. त्या ग्रहावर जमीन आहे, पीक आहे, पण शेतांमध्ये बांध नाही. पृथ्वीवरचा माणूस तिथे उतरतो, दोन खुंट्या ठोकतो, मधे दोरी बांधतो आणि म्हणतो, इकडचं तुमचं, तिकडचं त्यांचं. पुढच्या पेरणीला पहिला खून पडतो. ऐकून त्याने विषयच बदलला. हातभर धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, त्याच्या घरची केस आजोबांपासून कोर्टात चालू होती.

त्या कादंबरीवर मी एका बैठकीत वीस पानं लिहिली. आमच्या मॅडम कोणाला सहसा चांगलं म्हणत नसत. त्यांनी समासात 'छान' लिहिलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

वाचायची माझी रीत माझ्या बाबांची होती. ते अकोटच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचं काम करत. गाडी आली की ढिगात हात घालून चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूहळू ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायची. गाडी कोणाची, कोणत्या गावची, हे ते प्रत सांगून झाल्याशिवाय विचारत नसत. "आधी नाव समजलं का बोटं खोटं बोलतात," असं म्हणायचे. मीही तसंच केलं. लेखक कोण, त्याचा धर्म कोणता, काही न पाहता आधी पुस्तकं वाचली.

आता ती होडीवाली गोष्ट. एका गावात एक नावाडी असतो. फुकट सगळ्यांना पार नेतो, वैऱ्यालासुद्धा. गावचे मोठे लोक चिडून त्याला नदीत बुडवतात. प्रेत सापडत नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताना गावच्या तीन बायका कोरडे कपडे घेऊन काठावर जातात, कारण सापडला तर त्याला ओल्या अंगाने ठेवायचं नाही. आणि पलीकडून त्याची नाव येताना दिसते.

वर्गात निबंध वाचताना मी म्हटलं, की इथे लेखकाचा अभ्यास कमी पडला आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडायला पुरुष जातात, बायका घरी असतात. शिवाय न्यायचे ते कपडे नव्हेत, गेलेल्याच्या आवडीची वस्तू.

मॅडम आधी हसल्या. त्या स्वतः ख्रिस्ती, मेळघाटच्या पायथ्याशी वाढलेल्या. मग हसू आवरून त्यांनी येशूच्या कबरीची हकीकत सांगितली. पुरुष भिऊन दारं लावून बसले होते आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बायका सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे गेल्या होत्या. "ते लेखकाचं चुकलं नाही गं," त्या म्हणाल्या. "सगळी गोष्ट त्याच बायांवर उभी आहे." वर्ग खदखदून हसला. मीही हसले, न हसून करते काय.

चूक कबूल. पण ती माझ्याकडून उगाच झाली नव्हती. आदल्याच वर्षी कापसाची शेती करणारा माझा मामा गेला होता. कसा गेला ते मी लिहिणार नाही, पेपरवाल्यांनी तेव्हा पुष्कळ लिहिलं. पुढारी आले, फोटोवाले आले, मामीला दारात उभं करून फोटो काढले. तिसऱ्या दिवशी पुरुष राख सावडायला नदीवर निघताना मात्र ती "मले पूर्णेवर येऊ द्या" म्हणाली, तेव्हा सगळा गाव तिच्यावर ओरडला. तिला आत बसवलं. तिच्याजवळ मला बसवलं. म्हणजे हा नियम मला पुस्तकातून नाही, बंद दारामागून माहीत होता.

मामी आता अकोल्याला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. त्या शनिवारी घरी जाताना मी अकोल्याला उतरले. ती कणीक मळत होती. मी तिला माझी फजिती सांगितली, म्हटलं जरा हसेल. ती हसली नाही.

"त्या बायायले कोनं अडवलं नाही?"

"नाही."

"अन् काय नेलं म्हनते?"

"कोरडे कपडे."

तिचे हात कणकेतच थांबले. "बराबर नेलं," ती म्हणाली. "बाईलेच सुचते ते. तुया मामासाठी यायनं चहा नेला. साखर टाकून! दोन वर्षांपासून थो बिनसाखरेचा पेत होता. कोनाले मालूम? मी गेली असती त सांगतलं नसतं का?"

मला रडू आलं, आणि रडतानाच राग आला. सावडायला गेलेल्या सगळ्यांचा आला, आणि भरवर्गात त्यांचीच बाजू मांडून आलेल्या माझाही आला.

त्या रात्रीच्या जेवणाआधीच मी ते पान लिहिलं. मी काय चुकीचं वाचलं, का वाचलं, आणि मामी काय म्हणाली, चहासकट. ज्या बाईने ती पुस्तकं कधी पाहिली नाहीत तिला त्या तीन बायका माझ्यापेक्षा जास्त कळल्या, असं शेवटी लिहिलं.

मॅडमनी पान वाचलं, बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे काढून टाक. बाहेरून पुण्याचे परीक्षक येणार आहेत. स्वतःची चूक प्रबंधात लिहिते का कोणी? पास-नापास त्यांच्या हातात आहे." सांगत होत्या ते खरं होतं. नापास झाले असते तर बाबा मला आणखी एक वर्ष शिकवणार नव्हते, तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. मी दोन दिवस विचार केला. ते पान काढलं असतं तर मामीला दुसऱ्यांदा आत बसवलं असतं, आणि या वेळी मी. पान ठेवलं.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तेच उघडलं. "लेखकाची श्रद्धा माहीत नसताना त्याला वाचायला बसलात?"

"हो सर. आमच्याकडे कापूस असाच पाहतात," मी म्हटलं, आणि बाबांची रीत हाताने करून दाखवली.

"आणि या चहाला आधार काय?"

"माझी मामी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि पान उलटलं. मी पास झाले. वर्ग पहिला नाही मिळाला, थोडक्यात हुकला. त्या पानानेच हुकला असं मॅडम म्हणायच्या. असेल. पहिल्या वर्गाच्या किमतीला ते पान मला महाग वाटलं नाही.

बांधून आलेली पहिली प्रत घेऊन मी अकोल्याला उतरले. मामीने पदराला हात पुसले आणि प्रत मांडीवर घेतली. तिला मराठी जेमतेम वाचता येई, इंग्रजी कुठून येणार.

"माहं कुठी हाये यात?"

मी पान काढलं आणि तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

"इथं?"

"इथं."

तिने बोट उचललं नाही. "बिनसाखरेचा हाये, हे लिवलं ना?"

"लिहिलं, मामी."

"मंग झालं," ती म्हणाली.