सहा परस पाणी

विहिरीत कोणाची घागर पडली, की तेल्हाऱ्याकडच्या गावांतून माणसं माझ्या मालकांना बोलवायला येत. ते दम धरून तळापर्यंत बुडी मारायचे. विहिरीचं पाणी परसाने मोजतात. हात वर करून उभ्या माणसाएवढं म्हणजे एक परस. त्यांनी पाच परसांच्या विहिरीतून मूठभर गाळ वर आणला होता. आमच्या भागात तेवढं खोल कोणी गेलं नव्हतं.

झटकन खाली जाता यावं म्हणून ते माझ्या पाट्यावरचा वरोटा पोटाशी धरत. त्याला दोर बांधलेला असे, मागाहून ओढून घेत. सासूबाई म्हणत, "दगडाले पोवाले नेतं का रे?" मी वरोटा धुऊन परत पाट्यावर ठेवी. विहिरीवर मी कधी गेले नाही. तिथे सगळे पुरुष.

मग त्यांचा डावा कान वाहू लागला. मी काही बोलले की "काय?" म्हणायचे. माझा आवाज मुळातच बारीक, त्यात घरात सासरे, दीर. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा गेला. पुन्हा खोल गेलात तर उजवाही जाईल. येताना मी मोटारीत खिडकीकडे तोंड करून रडले. या घरात माझं ऐकणारं एकच माणूस होतं.

दिवाळीनंतर हिवरखेडची माणसं आली. त्यांची विहीर सहा परसांची, तिचा तळ कोणी गाठला नव्हता. मालक हो म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बैलगाडी दारात आली, तेव्हा मी पाट्याशी बसून ओल्या लाल मिरच्या वाटत होते.

"झालं का वो?" मालकांनी विचारलं.

मी आणखी मिरच्या घेतल्या. घरच्या संपल्या, तेव्हा जाऊबाईंच्या टोपलीतल्या घेतल्या. हातांची नुसती आग होत होती.

"अबे, पाटाबी घेऊन येतं का आता?" बाहेरून कोणी ओरडलं. सगळे हसले. दुसरा म्हणाला, "चाल ना, माह्या घरचा वरोटा देतो!"

"येवढ्या मिरच्या कोणाले?" मालक खाली वाकून म्हणाले.

"नोका जाऊ," मी म्हणाले. ते ओसरीपर्यंत ऐकू गेलं असावं, कारण बाहेरचं हसणं थांबलं.

मालक सरळ झाले. मग दारात जाऊन म्हणाले, "मले आपलाच वरोटा लागते. तो रिकामा नाही. जा तुमी."

गाडी गेल्यावर त्यांनी माझ्या हातांवर ताक ओतलं. सासूबाईंसमोर.

पुढच्या वर्षी हिवरखेडच्याच एका गड्याने त्या विहिरीचा तळ गाठला. घरात कोणी मालकांना सांगेना. मी उजव्या बाजूला बसून सांगितलं. त्यांनी विचारलं, "गाळ कसा निघाला? काळा का पांढरा?"

मला माहीत नव्हतं. बाजाराच्या दिवशी पदर सारखा करून मी हिवरखेडच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, आणि घरी येऊन त्यांच्या कानाशी सांगितलं, "पांढरा. खडूवानी."