पहिला फोटो लाइटचा

फिल्म शिकणारा वर्ग शहर बघायला आला होता, तोही कॅमेऱ्यातून. सरांनी बसमध्येच बजावलं होतं, "डोळे उघडे ठेवा. फिल्मला विषय सापडल्याशिवाय कुणी परत यायचं नाही." उतरल्या उतरल्या निम्मा वर्ग कबुतरांवर तुटून पडला, उरलेला जुन्या दारांवर. मधली मात्र मागच्या मागे सटकली. तिचा विषय घरूनच ठरला होता.

तिघी बहिणींतली ही मधली. नावाने हाक मारायची तसदी कुणी घेत नसे. बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला धड फोटो सापडेना. उमेदीची सगळी वर्षं माणसाने ह्याच शहरातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला काढली, आणि लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेले! ओळखपत्रावर तर ते कुणाचेही बाबा वाटत. परवा भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "त्यांच्या कुठल्या गालाला खळी पडायची गं?" तिघींचं एकमत होईना. मधलीने तेव्हाच त्या स्टुडिओत जायचं ठरवलं.

स्टुडिओ चपलांच्या दुकानाच्या वर होता. म्हातारे मालक पासपोर्टचे फोटो कापत बसले होते. ती कुणाची मुलगी ते कळताच त्यांनी कात्री खाली ठेवली.

"त्याचा फोटो? अगं, रोज निघायचे! गिऱ्हाइकाच्या आधी खुर्चीत त्यालाच बसवायचो, लाइट बघायला. प्रत्येक रोलचा पहिला फोटो त्याचाच."

"मग कुठायत ते?"

"लाइटचा फोटो कोण ठेवतं, बाळ? कापायचा नि फेकायचा." मालककाका ओशाळले. "माझा एक नीट काढा, असं तो कधी म्हणाला नाही. आणि मलाही मेल्याला सुचलं नाही."

इतके फोटो, आणि सगळे केराच्या टोपलीत. रागवावं तरी कुणावर? तिला बाबा हवे होते, खळीसकट, एवढंच.

काकांच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी जुना कॅमेरा बाहेर काढला. "बस. लाइट बघतो."

ती बसली. मान आपसूक डावीकडे, खिडकीकडे वळली. हनुवटी जराशी खाली.

काका थबकले. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. बाबा जेवतानासुद्धा असेच बसायचे. आम्ही चेष्टा करायचो त्यांची."

काकांनी बटण दाबलं आणि सवयीने बोलून गेले, "झालं रे. ऊठ, गिऱ्हाइकाला बसू दे."

गिऱ्हाईक कुणी नव्हतंच. मधलीने डोळे पुसले, पण जागची हलली नाही.

"काका, आज उठायचं नाही. दुसरा, ठेवायचा फोटोही माझाच काढा."

काकांनी फिल्म पुढे सरकवली. मग म्हणाले, "मग जरा हस. त्याच्या उजव्या गालाला खळी पडायची. तुझ्या पडते का बघू."

आपल्या गालाला खळी पडत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती हसली.